दोन कडव्यांमधली गुणगुण

दि. ४ जून

चि. सशा,

आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिते.

तुझं पार्सल सोमवारी पोचलं. आत निघालं ते असं: गुंड्यांऐवजी वेलक्रोची चिकटपट्टी लावलेले दोन शर्ट, एक लोकरी टोपी, मलमाच्या तीन नळ्या. चिठ्ठी नाही. शर्टांचे खिसे चाचपले, टोपी उलटी केली, खोका उन्हात धरून पाहिला. नाही म्हणजे नाही. तिकिटं कमी लावली होतीस. दंडासकट एकशे दहा भरले आणि रांगेत अर्धा दिवस गेला. तेवढ्यात इकडे हे स्वतःचा चहा स्वतः करायला गेले आणि आधण पायावर घेतलं. भाजलेला पायही या पार्सलच्याच खर्चात धर.

शर्ट यांना बरोबर बसले. म्हणजे भाऊजींना गुंडी लावता येत नाही हे तुला कोणीतरी कळवलेलं दिसतं. कोणी, ते मी विचारत नाही. पण ज्याला एवढं कळतं त्याला सहा महिन्यांत दोन ओळी खरडता आल्या नाहीत. पार्सलवर टपालपेटीचा क्रमांक होता, त्यावरच हे पत्र टाकते आहे.

गुरुवारी वकीलबाई आल्या होत्या. यांच्या बॅटरी कारखान्याच्या बेचाळीस कामगारांचा भरपाईचा दावा चालवतात त्याच. बरोबर एक चष्मेवाला तंत्रज्ञ होता. बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाने एक कार्ड दिलंय ना तुमच्याकडे? गाण्यांचं?"

मी म्हटलं, "आहे. देवाजवळच्या डबीत ठेवलंय. पण त्यात आमच्या आईची पदं आहेत. तुम्हाला काय करायची?"

"तेच हवंय," म्हणाल्या.

जाताना तू एवढंच म्हणाला होतास, "ताई, आईची अकरा पदं आहेत यात. जप." आणून दिलं. चष्मेवाल्याने ते नखाएवढं कार्ड आपल्या संगणकात घातलं. माझा आवाज सुरू झाला. अर्ध्या कडव्यात त्याने तो बंद केला, परवलीचा कसलासा शब्द टाकला आणि थांबला. मग दुसरं पद, मग तिसरं. अकराही झाली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काही नाही हो. नुसता कचरा."

आईच्या पदांना माझ्या घरात बसून कोणी कचरा म्हटलं तर मी त्याला दार दाखवलं असतं. पण बाईंचा चेहरा असा उतरला होता की मी पाणी आणायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांनी मला सांगितलं. मला. सगळ्यात शेवटी. कारखाना दर वर्षी यांचं रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि "सर्व ठीक" अशी चिठ्ठी हातात द्यायचा. खरे आकडे, म्हणजे कोणाच्या रक्तात किती शिसं उतरलं ते, तू ज्या कार्यालयात बसायचास तिथल्या संगणकात होते. फाटकावर कागद सापडला की नोकरी गेली. म्हणून तू ते आकडे माझ्या आवाजात लपवलेस, अकरा वर्षांचे, एकेका पदात एकेक वर्ष. पहारेकरी कार्ड लावून ऐकायचा, त्याला फक्त मी ऐकू यायचे. "बाईंचा गळा गोड आहे," म्हणायचा आणि तुला सोडायचा.

मी मॅट्रिक आहे, अगदीच दगड नाही. मला सांगितलं असतंस तर कळलं असतं. तू मला रजया टांगलेल्या कपाटात उभं करून चार दिवस गायला लावलंस, आणि मला वाटलं, आमच्या सशाला आईची आठवण येते. हमालाला निदान पेटी दिसते तरी. मला तीही दिसली नाही.

संघटनेचा सेक्रेटरी काल येऊन गेला. खुर्चीवर बसलाही नाही. "वहिनी, राग मानू नका, पण तुमचा भाऊ विकला गेला. रिकामं कार्ड ठेवून पळाला. कंपनीनं पैसे चारले असणार." हे आतून ओरडले, "त्याला पैसे चारले असते तर त्यानं तिकिटं पुरेशी लावली असती!" सेक्रेटरीला ते समजलं नाही.

कार्ड तू दिलंस तसंच डबीत होतं, असं मी वकीलबाईंना सांगितलं आहे. ९ ऑगस्टला लवादापुढे सुनावणी आहे. त्यात आकडे होते की नव्हते, तेवढं लिही.

ताई


दि. १९ जून

चि. सशा,

पत्र नाही. ठीक.

बाजारातून येताना चष्मेवाल्या तंत्रज्ञाचं दुकान लागतं. मुद्दाम गेले नाही, पण आत शिरले. म्हटलं, "आमच्या एका शेजारणीची शंका आहे." त्याने स्टूल पुढे केलं. माणूस वाईट नाही. दिवसभर यंत्रांशी बोलतो, म्हणून माणसांशी बोलायचं विसरलाय, इतकंच.

मी विचारलं, "आवाजात आकडे लपवतात म्हणजे नेमकं काय करतात?"

तो म्हणाला, "काकू, संगणकाला आवाज कळत नाही. त्याच्याजवळ नुसते आकडे असतात, एका सेकंदाला चव्वेचाळीस हजार. त्यातल्या प्रत्येक आकड्याचं अगदी शेवटचं घर बदललं तर कानाला पत्ता लागत नाही. आता बघा, तुम्ही हिशेबाच्या वहीत सात हजार चारशे बावन्नच्या जागी त्रेपन्न लिहिलंत, तर कोणाला कळणार?"

"मला कळेल," मी म्हटलं.

तो हसला. "तुम्हाला कळेल. कानाला नाही कळत. त्या शेवटच्या घरांत तुमच्या भावाने सगळं भरलं. हुशार आहे हो. फक्त एक असतं, गाण्यात शांतता नको. शांततेत ती खसखस उघडी पडते. सतत आवाज हवा."

तिथे माझ्या डोक्यात लख्ख झालं. आई दोन कडव्यांच्या मधे गप्प बसायची, आठवतं? डोळे मिटून, चांगली दहा-बारा श्वासांची शांतता. लहानपणी आपल्याला वाटायचं, आईला झोप लागली. मी तिच्या गळ्यातून शिकले तेव्हा ती शांतताही शिकले. आणि तू कपाटाबाहेरून म्हणालास, "ताई, मधे थांबू नकोस. गुणगुणत राहा. आणि जरा मोठ्यानं." मी म्हटलं, "आई थांबायची." तू म्हणालास, "ताई, आता कोणाला वेळ आहे थांबायला? गुणगुण छान वाटते." मी गुणगुणले. आईचं पद मोडून गुणगुणले, कारण तू म्हणालास छान वाटते.

मग मी चष्मेवाल्याला शेजारणीची शंका सांगितली. तिने असं एक कार्ड मोबाईलच्या दुकानात नेलं. गाणी जड होती, फोनमध्ये मावेनात, म्हणून दुकानदाराने ती छोटी करून दिली. ऐकायला काही फरक नाही, अगदी तीच गाणी. तर मग लपवलेलं तसंच राहतं ना?

त्याने चष्मा काढला. म्हणाला, "काकू, छोटं करतात म्हणजे काय करतात? कानाला ऐकू येत नाही ते सगळं फेकून देतात. म्हणून तर छोटं होतं."

"सगळं?"

"आधी तेच जातं."

मी विचारलं, मूळ गाणी त्या कार्डातून पुन्हा उकरून काढता येतात का. तो म्हणाला, त्या जागेवर दुसरं काही भरलं नसेल तर कधी कधी येतात. मग त्याने विचारलं, "शेजारणीने काही भरलं होतं का?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

शेजारीण कोण, ते पुढच्या पत्रात लिहीन. भाजी निवडायची पडली आहे.

ताई


दि. ११ जुलै

चि. सशा,

टपालाने पाठवलेलं तुझं कार्ड मिळालं. सात महिन्यांनी सात ओळी. त्यातल्या दोन हवापाण्याच्या.

"ताई, आईची शपथ, अकराही पदांत सगळं होतं. माझ्या खोलीवरचा संगणक कारखान्याचे लोक झडतीला आले त्याच्या आदल्या दिवशी मीच पुसला, त्यामुळे दुसरी प्रत नाही. कार्डाला कोणी हात लावला का?" असं तू विचारलंयस.

लावला. मी लावला. शेजारीण वगैरे कोणी नाही, ते तुला कळलंच असेल.

तू गेल्यावर तीन आठवड्यांनी यांची बोटं पुरती लुळी पडली. पोथीचं पान उलटता येईना, रेडिओचं बटण फिरेना. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. मला म्हणाले, "तुझी ती पदं तरी लाव फोनवर." म्हणून कार्ड घेऊन मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, किती अवजड करून ठेवलीत ही! कार्ड अर्धं यांनीच अडवलंय. छोटी करून देतो, दहाव्या हिश्श्यात बसतील." मी म्हटलं, "आवाज बिघडेल." त्याने दोन्ही ऐकवली. काडीचा फरक नाही. मी कान देऊन तीनदा ऐकलं. मग तो म्हणाला, "उरलेल्या जागेत प्रवचनं भरून देऊ? चाळीस तासांची आहेत. फुकट."

रिकामी जागा मी आयुष्यात कधी वाया घालवली आहे का? पिठाच्या डब्यात उरलेल्या जागेत मी लवंगांची पुडी ठेवते. मी म्हटलं, भर. काठोकाठ भर. घरी येऊन देवाला नमस्कार केला, की आज पैसा न मोडता चाळीस तासांचं पुण्य पदरात पडलं.

ते कार्ड पुन्हा डबीत ठेवलं. वकीलबाईंनी विचारलं तेव्हा "दिलं तसंच होतं" म्हणाले. त्या क्षणी खरंच वाटलं, तसंच आहे. गाणी तीच, आवाज तोच. पण प्रवचनं भरलेली मला ठाऊक होती, आणि मी ती मोजली नाहीत. नंतर चष्मेवाल्याच्या दुकानातून घरी आले ती सगळं कळून आले. आणि तरी आणखी तीन आठवडे गप्प बसले. सेक्रेटरी गल्लोगल्ली तुला विकाऊ म्हणत फिरत होता आणि मी भाजी आणायला त्याच गल्लीतून जात होते.

तुझ्या पहारेकऱ्याकडेही जाऊन आले. म्हटलं, त्याला माझा गळा गोड वाटत होता, त्याने एखादी प्रत ठेवली असेल. ठेवली होती! पण त्याने ती तुझ्याकडून फोनवर मागवून घेतली होती, आणि फोनवरून पाठवतानाही ते यंत्र तसंच छोटं करतं म्हणे. चष्मेवाल्याने तपासलं. तिथेही कचरा. पहारेकरी म्हणाला, "बाई, मी रोज सकाळी ऐकतो हो." बिचारा. त्याच्या स्वतःच्या रक्ताचे आकडेही तुझ्या पदांत होते, ते त्याला मी सांगितलं नाही.

हे सगळं मी यांना सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं रक्त तुझ्या गाण्यात होतं, आणि तू त्यावर प्रवचन घातलंस." आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला. मी पाठ चोळत होते आणि हे म्हणत होते, "एक वेळ शिसं परवडलं, चाळीस तास ऐकून घ्यायला लावलंस."

हे हसले म्हणून मी रडले नाही. आता तुझ्या टपालातल्या कार्डाच्या शेवटच्या ओळीकडे येते.

"भाऊजींचा आकडा पाहिला त्याच दिवशी ठरवलं की हे बाहेर काढायचं."

ही ओळ तू मला बरं वाटावं म्हणून लिहिली असशील. मी ती वाचली आणि वही काढली. माझी वही तुला चेष्टेची वाटते, "ताई देवालाही पावती मागेल" म्हणायचास. कपाटात टांगायला दोन जुन्या रजया मी धोब्याकडून धुऊन आणल्या होत्या. त्याची नोंद आहे, तारखेसकट. म्हणजे त्या तारखेच्या आधी तू आकडा पाहिला होतास. त्यानंतर हे किती दिवस कारखान्यात गेले, ते मी यांच्या पगाराच्या पानांवरून काढलं. एक वर्ष, सात महिने.

एक वर्ष सात महिने तू रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात, यांच्या शेजारी बसून जेवत होतास. यांच्या हातातून घास सांडायला लागला तो तू पाहिलास. मी म्हटलं, "वय झालं तुमचं." तू मान खाली घालून भात कालवत राहिलास. मी यांना चिडवलं, तू हसलास. हे दर सकाळी डबा घेऊन भट्टीवर जात होते आणि तुला तो आकडा पाठ होता.

"उद्यापासून जाऊ नका," इतकंच म्हणायचं होतं.

का म्हणाला नाहीस, तेही मला समजतं. हे घरी बसले असते तर कारखान्याने विचारलं असतं का, आणि बोट तुझ्याकडे आलं असतं. अकरा वर्षं पुरी व्हायची होती ना तुझी. एकेका पदात एकेक. ताईला सांगितलं तर ताई बोलून जाईल, तिला खोटं बोलता येत नाही. वकीलबाईंना तू हेच सांगितलंस म्हणे: "ताईला कळू देऊ नका, तिच्या तोंडावर दिसतं." बेचाळीस माणसांसाठी तू एकाला भट्टीवर ठेवलंस, आणि तो एक माझा होता.

मी केलं ते न कळता केलं. तू केलंस ते कळून. यावर तू काहीतरी हुशार लिहिशील. लिहू नकोस.

ताई


दि. २ ऑगस्ट

चि. सशा,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. तूच म्हणशील, ताई, तूच म्हणालीस लिहू नकोस. तेवढं बरं ऐकलंस.

रविवारी संघटनेची बैठक झाली, शाळेच्या रिकाम्या वर्गात. बाकं लहान मुलांची, त्यावर हे सगळे मोठे पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसलेले. निम्म्यांचे हात यांच्यासारखेच मनगटातून खाली लोंबतात. सेक्रेटरी बोलत होता, पुन्हा तुझंच. मी मागे बायकांत बसले होते. उठून उभी राहिले.

म्हटलं, "माझा भाऊ विकला गेलेला नाही. आकडे होते. ते मी पुसले."

सगळं सांगितलं. दुकान, छोटी केलेली गाणी, प्रवचनं. मी किती आठवडे गप्प होते तेही सांगितलं. एका म्हाताऱ्या भट्टीवाल्याने विचारलं, "कसली प्रवचनं होती?" मी म्हटलं, "समाधानावर." तो मान डोलवत राहिला. त्याची बायको माझ्या शेजारी बसली होती, ती उठून दुसऱ्या बाकावर गेली.

सेक्रेटरी बाहेर दाराशी भेटला. "वहिनी," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "माझं चुकलं, पण मी ते सगळ्यांसमोर म्हणणार नाही." मी म्हटलं, "नका म्हणू. मी माझं म्हटलंय."

तुझं नाव साफ केलं, म्हणून मी लिहीत नाही. ते माझ्यावर होतं, मी उतरवलं. आता पुढचं नीट वाच.

वकीलबाई म्हणतात, दावा अजून मेलेला नाही. कारखान्याने आपल्याकडचे आकडे बदलले असतील, पण ज्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं तिच्याकडे मूळ नोंदी असणारच. लवाद त्या मागवू शकतो. पण उगाच नाही मागवणार. कोणीतरी उभं राहून सांगितलं पाहिजे, की मी त्या कार्यालयात होतो, मी ते आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, अमुक वर्षी अमुकाचा इतका. असा माणूस एकच आहे.

त्यातलं धोक्याचंही बाईंनी लपवलं नाही. तू आलास की कारखाना चोरीची फिर्याद लावणार. नोकरीच्या कागदावर तुझी सही आहे, आतली माहिती बाहेर नेणार नाही म्हणून. दोन वर्षं आत जाशील, कदाचित कमी. बाई म्हणाल्या, "मी त्यांच्यासाठीही लढेन, पण वचन देत नाही." म्हणून मीही देत नाही.

ससा म्हणून तुला हाक मारायला लागले ती तुझ्या कानांवरून. घाबरट म्हणून नव्हे. पण गेल्या वर्षभरात तू एवढ्या बिळांत शिरलास की लोकांना आता दुसरा अर्थ सुचत नाही.

९ तारखेला मलाही साक्षीला बोलावलं आहे, कार्ड माझ्याकडे होतं म्हणून. शपथेवर. कारखान्याचा वकील पहिल्यांदा विचारणार, भाऊ कुठे आहे. बाईंनी मला आधीच सांगून ठेवलंय, "माहीत नाही म्हणालात तर मी हरकत घेणार नाही." मी त्यांना म्हटलं, "मला माहीत आहे. पार्सलवर आहे."

आठ आठवडे मी गप्प बसून खोटं बोलले. आता पुन्हा नाही. देवाच्या नावाने हात वर करून नाही. कारखान्याच्या वकिलाने विचारलं तर गावाचं नाव आणि पेटी क्रमांक सांगणार. तू तिथे असशील तर पोलीस तिथे येतील आणि तुला आरोपी म्हणून धरून आणतील. मग तू जे सांगशील ते आरोपीचं सांगणं होईल, आणि बेचाळीस जणांना त्याचा उपयोग नाही. तू निघून गेलास, तर कोणालाच काही नाही. आणि आपल्या पायांनी ९ तारखेच्या आधी आलास, तर तू साक्षीदार. बाई म्हणाल्या, एवढा एकच फरक आहे, पण सगळं त्यावरच आहे.

यांना मी हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "त्याला लिही, मी रागावलेलो नाही." मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही लिहा. म्हणाले, "या हातांनी लिहिता आलं असतं तर साक्षीला तो कशाला हवा होता?" तर त्यांचं म्हणणं म्हणून लिहिते: ते रागावलेले नाहीत. मी आहे. तू आलास म्हणून माझा राग जाईल असं समजू नकोस. माझ्याकडे जेवशील, राहशील, बाईंकडे मी तुझ्याबरोबर येईन, तुरुंगात जायची वेळ आली तर डबाही आणीन. पण यांच्या शेजारच्या पाटावर तू बसलास की मला एक वर्ष सात महिने दिसणार, आणि ते मी तुला दर जेवणाला सांगणार. हे आधी सांगते, म्हणजे नंतर ताईने फसवलं म्हणायला नको.

पत्र पोचायला तीन दिवस, तुझं उत्तर यायला तीन दिवस. म्हणजे आठ तारीख. गाडीने निघालास तर उत्तराच्या आधीच पोचशील. निघणार नसशील तर कारणं नकोत, कार्डावर "नाही" एवढा एकच शब्द पुरे. तिकीट मात्र या खेपेस पूर्ण लाव. येणार की नाही, उलट टपाली कळव.

ताई